घरच्या तलावाचं पाणी रंग बदलतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जत, लोणावळा, अलिबाग, खाली सिंधुदुर्ग आणि गोवा. बंगला बांधला की मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव हवाच, अशी पद्धत आता पडली आहे. तलाव बांधणारे बांधून जातात. त्यानंतर राहतात मालक, माळीकाका आणि शेडमधला निळा ड्रम. पाणी हिरवं, तांबडं किंवा दुधाळ झालं की फोन सुरू होतात, आणि प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

हिशेबासाठी सगळीकडे एकच तलाव धरला आहे: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल. म्हणजे साधारण ४५,००० लिटर पाणी आणि एक सँड फिल्टर, म्हणजे वाळूचा फिल्टर. तुमचा तलाव लहान-मोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

माझ्या तलावात पाणी किती आहे हे कसं काढायचं?

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये. उत्तराला १,००० ने गुणलं की लिटर. सरासरी खोली म्हणजे उथळ आणि खोल टोकांची बेरीज भागिले दोन. हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा. एक ग्रॅम द्रव्य १,००० लिटरमध्ये विरघळलं की १ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग, होतं, हे एवढं लक्षात राहिलं तर पुढचे सगळे हिशेब तोंडी होतात.

पाण्याचा रंग बदललेला दिसला. सगळ्यात आधी काय टाकू?

काहीच नाही. बिघडलेल्या तलावांपैकी निम्मे तरी पहिल्या तासात घाबरून टाकलेल्या पावडरीने जास्त बिघडतात.

आधी पांढऱ्या बादलीत पाणी घ्या आणि उन्हात बघा. पाणी गढूळ असून रंग आहे, की काचेसारखं पारदर्शक असून रंग आहे? गढूळ हिरवं म्हणजे बहुतेक शेवाळ. पारदर्शक हिरवं किंवा तपकिरी म्हणजे बहुतेक धातू. या दोघांचे उपाय एकमेकांच्या उलटे आहेत. शेवाळ मारायला क्लोरीन लागतं, आणि धातू असताना क्लोरीन ओतलं की रंग आणखी चढतो.

मग पाणी तपासायचं किट काढा आणि पीएच, मोकळं क्लोरीन (जे अजून कशाशी जुळलेलं नाही), अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरण्याची पाण्याची ताकद) आणि स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं द्रव्य) मोजा. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएम आणि स्टॅबिलायझर ३० ते ५० पीपीएम असावा. मोकळं क्लोरीन रोजच्या वापरात २ ते ४ पीपीएम ठेवा.

शेवटी माळीकाकांना विचारा की गेल्या चार दिवसांत तलावात काय काय पडलं: टँकरचं पाणी, बोअरचं पाणी, खत, पाऊस, पाहुणे. पण रागावून विचारू नका. रागावून विचारलं की उत्तर नेहमी ‘काहीच नाही साहेब’ असंच येतं.

नवा तलाव आहे, सगळे आकडे बरोबर आहेत, तरी पाणी हिरवं दिसतं.

बादलीतलं पाणी कसं दिसतं? स्वच्छ दिसत असेल तर पाणी हिरवं नाही, तुमची फरशी हिरवी आहे. हिरवट बाली स्टोन लावलेल्या तलावाचं पाणी हिरवंच दिसणार. काळ्या फरशीचं पाणी गडद दिसतं आणि संध्याकाळी भोवतीच्या झाडांचा रंग घेतं. यावर रसायन नाही.

शुक्रवारी निळं होतं, रविवारी सकाळी हिरवंगार. रातोरात काय झालं?

रातोरात झालेलं नसतं. शेवाळ आधीपासून वाढत असतं, डोळ्यांना दिसायला लागतं तेव्हा एकदम दिसतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जातं, शनिवारी पंधरा माणसं उतरतात, त्यांचा घाम आणि सनस्क्रीन मोकळं क्लोरीन खाऊन टाकतं, आणि त्याच दिवशी लाइट गेल्यामुळे पंप सहा तास बंद असतो. तेवढं पुरतं.

शेवाळाची खूण अशी: भिंतीवर हात फिरवला की बुळबुळीत लागतं, आणि ब्रश मारला की हिरवा ढग उठतो.

रोज क्लोरीनची गोळी टाकतो, तरी शेवाळ येतंच. गोळ्या बनावट आहेत का?

बहुतेक गोळ्या चांगल्याच असतात. अडचण त्यांच्यासोबत येणाऱ्या दुसऱ्या गोष्टीची आहे. बाजारात मिळणारी २०० ग्रॅमची पांढरी गोळी म्हणजे टीसीसीए, ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल. ती विरघळली की क्लोरीन सुटतं आणि मागे सायन्युरिक आम्ल राहतं. यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. थोडा स्टॅबिलायझर हवाच, कारण तो क्लोरीनला उन्हापासून वाचवतो. तो अजिबात नसेल तर दुपारच्या कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण क्लोरीन रोज खर्च होतं आणि स्टॅबिलायझर साचत राहतो. तो उन्हाने उडत नाही आणि फिल्टरमध्येही अडकत नाही.

आपल्या ४५,००० लिटरच्या तलावात एक गोळी सुमारे ४ पीपीएम क्लोरीन देते आणि अडीच पीपीएमच्या आसपास स्टॅबिलायझर मागे ठेवते. दिवसाआड एक गोळी टाकली तर महिन्याला ३५ पीपीएमहून अधिक. ऑक्टोबरला ताजं पाणी भरलं असेल तर जानेवारीपर्यंत शंभरी गाठली. शंभरीला पोचल्यावर किटमध्ये क्लोरीन ३ दिसतं, पण त्यातलं बहुतेक स्टॅबिलायझरने धरून ठेवलेलं असतं. शेवाळापर्यंत ते वेळेवर पोचतच नाही.

उपाय एकच आहे. अर्धं पाणी काढून ताजं भरायचं आणि पुढे रोजच्यासाठी द्रवरूप हायपोक्लोराइट किंवा ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरायचं. गोळ्या बाहेरगावी जातानाच्या दिवसांसाठी ठेवा. दुकानदार हे सांगणार नाही, गोळ्यांचा डबा महाग असतो.

स्टॅबिलायझर मोजायची नळी मिळते. पाण्यात द्रावण मिसळलं की ते दुधाळ होतं आणि ते नळीत ओतत तळाचा काळा ठिपका कधी दिसेनासा होतो ते बघायचं. दोन महिन्यांतून एकदा केलं तरी पुरे.

क्लोरीनचा वास नाकात जातोय, डोळे चुरचुरतात, आणि किट शून्य दाखवतंय!

याची दोन कारणं असू शकतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून हा प्रश्न फसवा आहे.

पहिलं कारण म्हणजे तलावात मोकळं क्लोरीन खरंच नाही. जे आहे ते घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जुळून क्लोरामाइन झालं आहे. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग क्लोरामाइनची असते. म्हणजे ‘फार वास येतोय, आता क्लोरीन नको’ हा निष्कर्ष उलटा ठरतो, कारण इथे क्लोरीन वाढवायला हवं.

दुसरं कारण म्हणजे क्लोरीन इतकं जास्त आहे की डीपीडीचा, म्हणजे क्लोरीन मोजायच्या किटमधल्या द्रव्याचा, गुलाबी रंगच त्याने उडवून लावला. नमुन्यात थेंब टाकल्यावर क्षणभर गुलाबी झळक दिसून पाणी पुन्हा बिनरंगी झालं, तर हेच झालंय. तलावाचं एक भाग पाणी चार भाग बाटलीबंद पाण्यात मिसळून परत मोजा आणि उत्तराला पाचने गुणा. अशा वेळी पीएचचा आकडाही खोटा येतो, रंग जांभळट दिसतो.

तुमचं किट पिवळ्या रंगाचं, म्हणजे ओटीओचं असेल तर ते एकूण क्लोरीन मोजतं, मोकळं किती आणि जुळलेलं किती हे सांगत नाही. स्वस्त आहे म्हणून सगळीकडे तेच असतं. एकदा डीपीडीचं घ्या.

हिरवा तलाव परत निळा करायची नेमकी पद्धत सांगा.

सांगतो, पण तीन ते पाच दिवस लागतील. ‘उद्या पाहुणे येणार आहेत’ असं असेल तर पाहुण्यांना समुद्रावर न्या.

पहिल्या दिवशी जाळीने पानं आणि तळातला कचरा काढा. तो तसाच राहिला तर तुम्ही टाकलेलं क्लोरीन पानंच खातील. मग पीएच ७.२ वर आणा. पीएच ७.२ असताना साध्या पाण्यात क्लोरीनचा दोन-तृतीयांश भाग मारक रूपात असतो आणि ८ ला जेमतेम पाव. हायड्रोक्लोरिक आम्ल एका वेळी पाव ते अर्धा लिटर, पाण्याने भरलेल्या बादलीत पातळ करून, पंप चालू असताना, फिल्टरमधून तलावात परत येणाऱ्या पाण्याच्या झोताजवळ ओता. दोन तासांनी पुन्हा मोजा.

दिवेलागणीला क्लोरीन. दुपारी टाकलेलं अर्धं सूर्याला जातं. किती टाकायचं हे स्टॅबिलायझरवर ठरतं: मोकळं क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साधारण ४० टक्के इतकं चढवायचं. स्टॅबिलायझर ४० असेल तर १६ पीपीएम. आपल्या तलावाला त्यासाठी ७२० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं, म्हणजे ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे १ किलो १०० ग्रॅम, किंवा १२ टक्क्यांचं द्रवरूप हायपोक्लोराइट ६ लिटर. द्रवरूप माल ताजा घ्या. उन्हात उभ्या टेम्पोतून आलेल्या कॅनमध्ये लेबलवरचे टक्के उरलेले नसतात.

त्यानंतर ब्रश. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागे, दिव्याच्या खोबणीत. शेवाळावर चिकट थर असतो आणि तो मोडल्याशिवाय क्लोरीन आत शिरत नाही. पंप चोवीस तास चालू. दिवसातून दोन-तीनदा क्लोरीन मोजून पुन्हा १६ वर आणायचं. हे ‘पुन्हा आणायचं’ जमत नाही म्हणून बहुतेकांचं फसतं. एकदाच मोठा डोस टाकून लोक झोपतात, सकाळपर्यंत ते संपतं, अर्धमेलं शेवाळ पुन्हा उठतं.

दुसऱ्या दिवशी हिरव्याचं राखाडी-दुधाळ होईल. घाबरू नका, ते मेलेलं शेवाळ आहे. आता काम फिल्टरचं. प्रेशर गेज स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेलं की बॅकवॉश (वाळूतून उलटं पाणी सोडून घाण बाहेर काढणं), मग अर्धा-एक मिनिट रिन्स (वाळू खळबळून ते पाणी बाहेर सोडणं), मग पुन्हा फिल्टर. हे सगळं फिल्टरवरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ फिरवून होतं, आणि ती फिरवण्यापूर्वी प्रत्येक वेळी पंप बंद. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बॅकवॉश करावा लागेल.

संपलं हे कसं ओळखायचं? पाणी स्वच्छ आहे, आणि रात्री मोजलेलं क्लोरीन पहाटे ऊन पडायच्या आत मोजल्यावर १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलेलं नाही. रात्री ऊन नसतं, तेव्हा क्लोरीन उतरलं तर कोणीतरी ते खातंय.

सगळं केलं. चार दिवस झाले. पाणी अजून धूसर.

मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची मूठ कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा. एकदा मी स्वतः तीन दिवस रसायनं बदलून बदलून टाकली, आणि मूठ ‘रीसर्क्युलेट’वर होती. पाणी फिल्टरला बगल देऊन गोल गोल फिरत होतं. आवाज तोच, झोत तोच. पंपाच्या खोलीत वाकून बघायला मला चौथा दिवस उजाडला.

मूठ बरोबर असेल तर वाळूचा विचार करा. पाच-सात वर्षांत वाळू बदलायला येते. कडक पाण्याच्या गावात तिचे चुन्याने गोळे बनतात आणि पाणी गोळ्यांच्या मधल्या वाटांनी सरळ निघून जातं. आणि पंप रोज किती तास चालतो? सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जायला सहा ते आठ तास लागतात. वीजबिलासाठी दोन तास चालवलात तर बचत रसायनांत जाते.

माळीकाका म्हणतात, थोडं मोरचूद टाका, विहिरीला टाकतो तसं.

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते शेवाळ मारतं यात शंका नाही, द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणातही तेच असतं. प्रश्न तांब्याचं पुढे काय होतं हा आहे. मोरचुदात वजनाने पाव भाग तांबं असतं. एक किलो आपल्या तलावात टाकलं तर साडेपाच पीपीएम तांबं झालं. पोहण्याच्या तलावात ते ०.३ पीपीएमच्या वर नको. तांबं क्लोरीनने मरत नाही, उन्हाने उडत नाही. पीएच वाढला की भिंतींवर निळा-हिरवा डाग होऊन बसतं.

एका बंगल्यावर दर पौर्णिमेला मूठभर मोरचूद टाकायची रीत होती. पाणी अगदी पारदर्शक, तळाची नाणी मोजता येतील असं, पण पाचूसारखं हिरवं. मालक ‘शेवाळ जात नाही’ म्हणून आणखी मोरचूद टाकत होते. मुलीचे केस रंगवलेले होते, ते हिरवे झाल्यावर प्रकरण माझ्याकडे आलं. क्लोरीनने केस हिरवे होतात असं लोक म्हणतात, ते काम तांब्याचं असतं.

अशा तलावात क्लोरीन चढवू नका. पीएच ७.२ ला ठेवा आणि धातू बांधून ठेवणारं द्रव्य वापरा. ते सेक्वेस्ट्रंट किंवा ‘मेटल आउट’ अशा नावाने मिळतं. पण त्याने तांबं जात नाही, फक्त डाग पडत नाहीत. काढायचंच असेल तर पाणी बदलणं हाच सरळ मार्ग. शेवाळनाशक हवंच असेल तर तांबंविरहित, पॉलिक्वाट प्रकारचं घ्या.

बोअरचं पाणी भरलं तेव्हा आरशासारखं होतं. क्लोरीन टाकलं आणि दहा मिनिटांत चहा झाला.

लोह. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह विरघळलेल्या रूपात असतं आणि त्याला रंग नसतो. क्लोरीन लागलं की त्याचा गंज होतो. जांभ्या दगडाच्या पट्ट्यात, म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत, याची सवय ठेवा. जांभ्याचा लाल रंगच मुळी लोहाचा आहे.

भरण्यापूर्वीची परीक्षा फुकट आहे. पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घ्या, चिमूटभर कॅल्शियम हायपोक्लोराइट टाका आणि तासभर थांबा. पाणी पिवळं-तपकिरी झालं तर तलावातही तेच होणार. आकडा हवा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा असतात, तिथे नमुना द्या.

तलाव आधीच चहाचा झाला असेल तर एका दृष्टीने बरंच झालं. लोह आता कणांच्या रूपात आहे, म्हणजे पकडता येतं. पंप सतत चालवा. वाळूतून बारीक कण निसटतात, म्हणून एक जुगाड करा: उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस, साधा सुती नव्हे, भोकं पाडलेल्या बादलीत दाबून भरा आणि झोताचं पाणी त्यातून जाऊ द्या. दोन-तीन तासांत कापूस विटकरी होतो. तो बदलत राहायचं. हे काम बघायला मजा येते, घरातली मुलं आनंदाने करतात. फार दाट असेल तर पुढे सांगितलेली तुरटीची पद्धत वापरा.

भिंतीवर तांबूस डाग बसले असतील तर विटामिन सीची गोळी दोन मिनिटं डागावर दाबून धरा. डाग फिका पडला तर तो लोहाचा. सगळा तलाव असा डागाळला असेल तर १,००० लिटरला सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे आपल्या तलावाला साधारण अर्धा किलो अॅस्कॉर्बिक आम्ल लागतं. त्याआधी क्लोरीन जवळपास शून्यावर यायला हवं, नाहीतर दोघं एकमेकांना संपवतात आणि डाग तिथेच राहतो. डाग गेला की लोह पुन्हा पाण्यात आलं, म्हणून लगेच सेक्वेस्ट्रंट टाका आणि क्लोरीन अगदी हळूहळू वाढवा.

तपकिरी नाही, काळपट-जांभळट छटा आहे.

मँगनीज. लोहाचाच भाऊ, उपायही तेच, फक्त जास्त चिकाटी लागते.

पाणी दुधासारखं पांढरं झालंय, पण शेवाळ नाही.

टीसीएल टाकलीत का? ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, बाकी बहुतेक चुना. पोतं थेट तलावात उपडं केलं तर पाणी पांढरं होणारच. वापरायची असेल तर आदल्या दिवशी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी ओता.

टीसीएल नसेल तर पीएच बघा. पीएच ८ च्या वर आणि पाणी कडक असेल तर विरघळलेला कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतो. टँकरने भरलेल्या आणि दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरवर चालणाऱ्या तलावांत हे नेहमीचं. आम्लाने पीएच ७.२ ला आणला की एक-दोन दिवसांत पाणी निवळतं.

पेल्यात घेतलेलं पाणी मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत गेलं तर ते हवेचे बुडबुडे आहेत. पंपाच्या जाळीच्या झाकणाचं रबर तपासा, तिथून हवा ओढली जाते.

तुरटी चालते का?

चालते, आणि दाट गढूळ पाण्याला तिच्यासारखं स्वस्त काही नाही. पण माठात फिरवतात तशी फिरवून नाही.

पीएच ७ ते ७.५ मध्ये आणा. १,००० लिटरला ३० ते ४० ग्रॅम, म्हणजे आपल्या तलावाला दीड किलोच्या आसपास तुरटी बादलीत पूर्ण विरघळवून सगळीकडे शिंपा. व्हॉल्व्ह रीसर्क्युलेटवर ठेवून अर्धा तास फिरवा. मग पंप बंद, आणि रात्रभर कोणी पाण्यात हात घालायचा नाही. सकाळी तळाला मऊ गालिचा बसलेला दिसेल. तो व्हॅक्यूमने, मूठ ‘वेस्ट’वर (पाणी फिल्टरमध्ये न जाता थेट बाहेर) ठेवून, अगदी सावकाश बाहेर काढायचा. फिल्टरवर ठेवलीत तर वाळू चोंदते. या कामात पाण्याची पातळी वीतभर उतरते, म्हणून भरायच्या पाण्याची सोय आधी करा. कार्ट्रिज फिल्टर असेल आणि वेस्टची वाट नसेल तर हा प्रयोग करू नका.

तुरटी अल्कलिनिटी खाते, दीड किलोमागे सुमारे १५ ते १८ पीपीएम. ती भरून काढायला खायचा सोडा: आपल्या तलावाला पाऊण किलोमागे १० पीपीएम.

जुलैमध्ये तलावाचं पाणी लाल होतं. दर वर्षी.

उतारावरची माती येते. भोवतालची फरशी तलावाकडे उतरती असेल तर कितीही तुरटी टाका, पुढच्या सरीला तेच. फरशीच्या कडेने चर काढा आणि पाणी बाहेर वळवा. हे गवंड्याचं काम आहे, रसायनवाल्याचं नाही. गिलावा न केलेली जांभ्याची भिंत तलावाला लागून असेल तर तीही पावसात लाल पाझरते.

ही माती इतकी बारीक असते की वाळूचा फिल्टर तिला अडवूच शकत नाही, तुरटी किंवा पॅक, म्हणजे पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड, लागतंच. पावसाने अल्कलिनिटी आणि क्लोरीन पातळ होतं, तेव्हा मोजणी आठवड्यातून दोनदा. एक फायदा मात्र आहे: तलाव ओसंडून वाहतो आणि साचलेला स्टॅबिलायझर आपोआप उतरतो.

झाडाच्या पानांनी पाण्याला रंग येतो का?

येतो. देशी बदामाची पानं सगळ्यात वाईट. त्यांतलं टॅनिन पाणी चहासारखं करतं, मासे पाळणारे ती पानं मुद्दाम टाकीत टाकतात. जांभळाच्या दिवसांत जांभळं. टॅनिनचा रंग क्लोरीनने उडतो, लोहाचा चढतो. बादलीतली परीक्षा इथेही कामाला येते.

रंगपंचमीला सगळ्यांनी रंगलेल्या अंगानेच उड्या मारल्या. आता पाणी गुलाबी आहे.

विरघळलेला रंग बहुतेक वेळा क्लोरीनने एक-दोन दिवसांत उतरतो. रात्री १० पीपीएम चढवा, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे ७०० ग्रॅम. गुलाल खरा त्रास देतो. त्यातलं पीठ फिल्टरमध्ये लगदा होऊन बसतं, म्हणून आधी तळ व्हॅक्यूम करा, वेस्टवर. सोनेरी-चंदेरी वार्निश कोणी लावलं असेल तर फरशीच्या सांध्यांतून ते जाता जात नाही. पुढच्या वर्षी तलावाच्या वाटेवर बागेतला पाइप लावून कोणाला तरी उभं करा.

भिंतीवर पिवळी धूळ, काळे ठिपके, गुलाबी बुळबुळ. हे काय?

पिवळी धूळ सावलीच्या बाजूला असते, ब्रशने सहज उडते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत येते. तेही शेवाळच आहे. हिरव्यासारखाच उपाय, फक्त ब्रश, जाळी आणि पोहायचे कपडेही धुवा, नाहीतर त्यांच्यावरून ते परत येतं.

काळे ठिपके फरशीच्या सांध्यांत मुळं धरल्यासारखे बसतात. आधी तारेच्या ब्रशने डोकं फोडा, मग क्लोरीन. विनाइल किंवा फायबरच्या तलावात तारेचा ब्रश नको.

गुलाबी बुळबुळ शिडीच्या मागे किंवा पाइपाच्या तोंडाशी दिसते. ते जिवाणू आहेत. हाताने पुसा आणि क्लोरीन चढवा.

या भानगडीपेक्षा सगळं पाणी काढून नवं भरलं तर?

उन्हाळ्यात, टप्प्याटप्प्याने, एका वेळी निम्मं, चालेल. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दोन महिने पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतली पाण्याची पातळी वर असते आणि रिकाम्या टाकीला ते पाणी खालून ढकलतं. फायबरचा तलाव होडीसारखा वर उचलला जातो, काँक्रीटचा तडकतो किंवा फरशा सोडतो. शिवाय नवं पाणी त्याच बोअरचं असेल तर चहा पुन्हा होणारच.

काढलेलं पाणी क्लोरीन पूर्ण उतरल्यावरच सोडा, आणि भातखाचरात, विहिरीजवळ किंवा ओढ्यात मुळीच नको.

थोडंसंच हिरवं आहे. पोहलं तर काय होतं?

खोल टोकाची तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणीही उतरायचं नाही. मूल बुडालं तर दिसणारच नाही, हे पहिलं कारण. पोट, कान आणि त्वचेचे आजार त्यानंतर. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूला इजा करणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले. तो कोमट, क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्यातून नाकावाटे शिरतो. क्लोरीन नीट ठेवलेल्या तलावात ती भीती उरत नाही.

रसायनं हाताळताना काय टाळायचं?

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र कधीही नाही. एकाच बादलीत नाही, एकाच पळीने नाही, गोळ्यांच्या फ्लोटरमध्येही, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या डब्यातही, नाही. भडका उडतो. आम्ल आणि कुठलंही क्लोरीन शेजारी ठेवू नका, गळती झाली तर विषारी वायू बंद शेडमध्ये साचतो. नेहमी पाण्यात रसायन, रसायनावर पाणी कधीच नाही. माळीकाकांना हातमोजे आणि चष्मा आणून द्या, आणि ते वापरतात का हेही बघा.

बंगला तीन महिने बंद राहणार आहे.

पंप टायमरवर रोज सहा तास, फ्लोटरमध्ये गोळ्या, वर जाळी, आणि आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन पंपाकडे जाणारा कचरा अडवणारी टोपली साफ करेल अशी सोय. हे सगळं जमत असेल तर पाणी टिकतं. आठवड्याची फेरी चुकली की पानांनी टोपली भरते, पंप कोरडा फिरतो आणि जळतो.

जमणारच नसेल तर क्लोरीन टाकून अर्धवट सोडू नका. क्लोरीन आठवड्यात उतरतं आणि मग स्वच्छ साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना हवी तीच जागा. त्यापेक्षा पंप बंद करा, क्लोरीन पूर्ण उतरल्याची किटवर खात्री करा आणि गप्पी मासे सोडा. ते बहुतेक वेळा सरकारी आरोग्य केंद्रातून मिळतात. पाणी हिरवं होईल, होऊ द्या. परत आल्यावर मासे जाळीने काढून हौदात ठेवा आणि मग वरची पाच दिवसांची पद्धत पहिल्या दिवसापासून सुरू करा.